शुश्रूषेची कसोटी

मराठी माणूस 'नर्सिंग होम' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एखाद्या डॉक्टरने आपल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर चालविलेले दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय उभे राहते. तेथे बाळंतपणे होतात, हर्नियाच्या शस्त्रक्रिया होतात आणि चार-सहा दिवसांत माणूस आपल्या घरी परततो. इंग्लंड-अमेरिकेत याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. जेथे माणूस बरा होण्यासाठी जात नाही, तर उरलेले आयुष्य दुसऱ्याच्या हाताने उठण्यासाठी, जेवण्यासाठी व स्वच्छ होण्यासाठी जातो, त्या घराला तिकडे नर्सिंग होम म्हणतात. अशा घरांना मराठीत अजून ठरलेले नाव नाही. कोणी त्यांना वृद्धाश्रम म्हणतो, कोणी शुश्रूषा केंद्र, कोणी नुसतेच 'सेंटर'. नाव काहीही असो. पुणे, ठाणे, नाशिक यांसारख्या शहरांच्या कडेने, एकेकाळी निवृत्तांनी हौसेने बांधलेल्या बंगल्यांतून अशी घरे चालू झाली आहेत, आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, मांडीचे हाड मोडलेले, स्मृती हरपलेले कितीतरी वृद्ध तेथे दिवस काढीत आहेत. ही घरे चांगली की वाईट हे कोणी, कशावरून आणि केव्हा ठरवायचे, हा प्रश्न मात्र सार्वजनिक चर्चेत अद्याप नीटसा आलेलाच नाही.

तो न येण्याचे एक कारण आपल्या चर्चेच्या वळणातच आहे. १९७० साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आले, त्याच दशकात 'संध्याछाया' आले, आणि तेव्हापासून म्हातारपण या विषयावरील मराठी वादात आरोपीच्या पिंजऱ्यात मुलगा, मुलगी, सून, नाहीतर अमेरिका उभी असते. आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणे योग्य की अयोग्य यावर वक्तृत्वस्पर्धा होतात, परिसंवाद झडतात, शाळकरी मुले निबंध लिहितात. ठेवल्यानंतर तेथे काय होते, हे कोणी विचारीत नाही. प्रश्नाला आलेले हे भावनिक रूप वाईट संस्थाचालकांच्या पथ्यावर पडते. ज्याने वडिलांना तेथे ठेवले तो आधीच अपराधी मनाने येतो. आपणच आणून सोडले, आता कोणत्या तोंडाने बोलायचे, असे त्याला वाटते. 'पटत नसेल तर घेऊन जा' हे वाक्य ऐकावे लागण्याची भीती असतेच, आणि आपली पाठ वळताच त्याचा राग म्हाताऱ्यावर निघेल ही त्याहून मोठी भीती असते. वस्तुतः घर दोन खोल्यांचे, नवराबायको दोघेही नोकरीवर, आई पंच्याऐंशीची आणि तिला उचलणारा मुलगा स्वतःच साठीला टेकलेला, अशा कुटुंबात प्रश्न कृतघ्नतेचा नसतो, उचलण्याच्या ताकदीचा असतो. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे देशात दहा कोटींहून अधिक होती आणि महाराष्ट्रात दर दहांत जवळजवळ एक होती. तेव्हापासून हा आकडा वाढतच गेला आहे. त्यांतील काहींना घराबाहेरच्या शुश्रूषेची गरज लागणार, हे आता नैतिक वादाच्या पलीकडे गेलेले वास्तव आहे.

मग कुटुंब घर निवडते कसे? बहुधा रविवारी सकाळी अकरा वाजता. त्या वेळी फरशी पुसलेली असते, वृद्ध मंडळी आंघोळ करून खुर्च्यांवर ओळीने बसविलेली असतात, देवघरात उदबत्ती दरवळत असते आणि दारातल्या बागेत तुळस डोलत असते. व्यवस्थापक बाई मृदू बोलतात. सणावारी होणाऱ्या कार्यक्रमांची छायाचित्रे दाखवितात. पाहणाऱ्यांचे समाधान होते, कारण त्यांना समाधान करून घ्यायचेच असते. ज्यांनी जुन्या काळची शाळातपासणी पाहिली आहे किंवा अलीकडे महाविद्यालयात 'नॅक'ची समिती येण्याच्या आधीचे आठ दिवस अनुभवले आहेत, त्यांना या दृश्याची किंमत वेगळी सांगायला नको. साहेब येणार म्हणून सारवलेली शाळा साहेब गेल्यावर कशी चालते, हे शिक्षकाला चांगले ठाऊक असते.

शुश्रूषेचे खरे पुस्तक रुग्णाच्या पाठीवर लिहिलेले असते, असे म्हटले तर वावगे होणार नाही. जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याचे सारे वजन माकडहाड, खुबे आणि टाचा यांवर पडून राहते. त्या ठिकाणचा रक्तपुरवठा दाबला जातो; काही तासांतच कातडी लाल होते आणि बोट दाबून उचलले तरी ती लाली जात नाही. इतक्यावर लक्ष गेले, कूस बदलली, कातडी कोरडी ठेवली, तर बहुधा पुढचे टळते. लक्ष गेले नाही तर फोड येतो, फोड फुटतो, जखम खोल जाते आणि अखेरीस हाड दिसू लागते. अशा जखमेतून जंतू रक्तात शिरले की म्हातारे माणूस त्यातून क्वचितच उठते. यावर उपाय कोणत्या महागड्या यंत्रात नाही. साधारण दर दोन तासांनी कोणीतरी यायचे, कूस बदलायची, ओले कपडे काढायचे, टाचेखाली उशी द्यायची. हवेची गादी मदत करते. परंतु ती घेतली म्हणून कूस बदलणे सुटत नाही, उलट अनेक ठिकाणी गादी आणली म्हणून माणूस यायचा थांबतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच बजावून ठेवले होते की, रुग्णाला अंथरुणाच्या जखमा झाल्या तर दोष सहसा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. आजचे वैद्यक त्यात थोडी दुरुस्ती करील. अगदी अखेरच्या दिवसांत, शरीर खंगलेले असताना, सर्व काळजी घेऊनही जखम होऊ शकते. पण एका घरात तीस वृद्धांपैकी सहा-सात जणांच्या पाठी सोललेल्या असतील, तर तेथे रोगाकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही.

आणि हे दर दोन तास रात्रीही असतात. या साऱ्या व्यवसायाचे मर्म रात्रपाळीत आहे. दिवसा पाच मावशी आणि दोन मामा दिसणाऱ्या घरात रात्री दहानंतर किती जण जागे असतात, हा प्रश्न भेटीला गेलेल्यांपैकी फार थोडे विचारतात. हिशेब साधा आहे. वीस परावलंबी माणसे आणि रात्रीला एकच मावशी असेल, तर प्रत्येकाची कूस बदलणे, कपडे पाहणे आणि घोटभर पाणी पाजणे यांस दहा मिनिटे धरली तरी एक फेरी पुरी व्हायला दोनशे मिनिटे लागतात. म्हणजे ती बाई क्षणभरही न बसता, कोणी हाक न मारता, कोणी न पडता रात्रभर फिरत राहिली तरी दोन तासांचा नियम पाळणे अशक्य आहे. त्यातून साठ-सत्तर किलोचा माणूस एकटीने वळवायचा. साहजिकच ती जमेल तेवढे करते आणि पहाटे, दिवसपाळी येण्यापूर्वी, सर्वांना एकदम कोरडे करते. नोंदवहीत मात्र दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता अशा सह्या एका शाईत, एका हाताने झालेल्या असतात. सरकारी कचेरीत हजेरीपट भरताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही शाई ओळखता येईल.

रात्रीची ही उणीव भागविण्याचे मार्गही ठरलेले आहेत. संध्याकाळनंतर पाणी कमी दिले की रात्री लघवी कमी होते. झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी थोडी जास्त दिली की कोणी उठून चालत नाही आणि पडत नाही. जो तरीही उठतो त्याचे मनगट मऊ पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधता येते. घास भरविण्यास अर्धा तास लागतो, नाकातल्या नळीतून पातळ अन्न सोडण्यास पाच मिनिटे पुरतात. तेव्हा ज्याला सावकाश का होईना गिळता येते त्याच्याही नाकात नळी येते. यांतील एकेक गोष्टीला कधी कधी खरे वैद्यकीय कारण असते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या घरात निम्म्या माणसांना नळ्या आहेत आणि दुपारी चार वाजता सगळे गाढ झोपलेले आहेत, तेथे ही कारणे वैद्यकीय नसून मनुष्यबळाची आहेत असे समजण्यास हरकत नसावी. सुकलेले ओठ, वाढलेली नखे, हाताला न पोचणारा पाण्याचा पेला, घंटी वाजविल्यावर किती वेळाने कोण येते, नाव घेऊन हाक मारतात की खाटेचा क्रमांक सांगतात, दर महिन्याला वजन करतात काय, या खुणा फरशीच्या चकाकीपेक्षा अधिक बोलतात. आणि त्या रविवारी सकाळी दिसत नाहीत; आडवारी रात्री आठ-साडेआठला दिसतात. त्या वेळी नातेवाइकांना आत सोडतच नाहीत, असे ज्या घरात सांगितले जाते त्याने आपली परीक्षा आपणच दिली असे समजावे.

अर्थात अशा खुणा वैयक्तिक निवडीसाठी उपयोगी पडल्या तरी त्यांवर समाजाचे मोजमाप उभे राहत नाही. १९६६ साली आवेदिस डोनाबेदियन या मूळच्या बैरूतच्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या डॉक्टरांनी वैद्यकीय सेवेचा दर्जा ठरविण्यासाठी तीन अंगे सांगितली: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. खाटा किती, परिचारिका किती, ही रचना. कूस बदलली काय, औषध वेळेवर दिले काय, ही प्रक्रिया. माणसाचे पुढे काय झाले, हा परिणाम. रुग्णालयाच्या बाबतीत तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. वृद्धांच्या घरात मात्र तेथेच फसगत होते, कारण येथे येणारा प्रत्येक जण केव्हातरी जाणारच असतो. मृत्यू कमी झाले म्हणून घर चांगले ठरत नाही. दहावीला शंभर टक्के निकाल लावणाऱ्या काही शाळा नववीतच कच्ची मुले बाजूला काढतात आणि त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात, हे गुपित महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. हिंडते-फिरते आणि स्वतःच्या हाताने जेवणारे वृद्धच फक्त घेणारी, आणि माणूस अंथरुणाला खिळताच 'आता आपण दुसरीकडे सोय पाहा' असे पत्र देणारी घरे याच जातीची आहेत. त्यांचा निकाल उत्तम दिसतो. जी संस्था खंगलेल्यांना ठेवून घेते, तिच्याकडे जखमाही अधिक आणि मृत्यूही अधिक. तेव्हा आकडा पाहायचा तर माणूस आला तेव्हा कोणत्या अवस्थेत होता, हेही त्याच्या शेजारी लिहिलेले हवे. आणि किती जणांना परत पाठविले, हा आकडा तर पहिल्या ओळीत हवा.

याबाबत ज्या देशांनी आधी ठेचा खाल्ल्या त्यांच्याकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल. इंग्लंडमध्ये पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस १७३ वृद्धनिवासांना स्वतः भेटी देऊन, तेथील माणसांशी बोलून जो ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध केला, त्याने तेथील सुखवस्तू समाजाला हादरा दिला. जुन्या गरीबखान्यांच्या इमारतींतून नाव बदलून चाललेल्या त्या घरांत माणसे उपाशी नव्हती. पण आपल्या मालकीचे एखादे कपाट, आपल्या मर्जीने उघडायचे एखादे दार, करायला एखादे काम, यांपैकी काहीच त्यांच्यापाशी उरले नव्हते. टाउनसेंड यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी दर्जा ठरविताना चालकांइतकेच राहणाऱ्यांना विचारले. आपल्याकडे तपासणीला आलेला अधिकारी कार्यालयात बसून चहा घेतो, वह्या पाहतो आणि जातो. खाटेवरच्या माणसाला 'काय आजी, बरंय ना?' एवढाच प्रश्न विचारला जातो, आणि तोही व्यवस्थापकाच्या देखत.

अमेरिकेत १९८६ साली तेथील वैद्यक संस्थेच्या समितीने नर्सिंग होममधील हलाखीचा अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी संसदेने सुधारणेचा कायदा केला. त्या कायद्याने प्रत्येक घराची पूर्वसूचना न देता तपासणी बंधनकारक केली. दोन तपासण्यांमध्ये पंधरा महिन्यांहून अधिक अंतर असू नये असे ठरविले. तपासणीची तारीख आधी फोडणाऱ्याला दोन हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला. सोयीसाठी बांधून ठेवण्यावर आणि गुंगीच्या औषधांवर बंदी आली. बांधून ठेवण्याचे प्रमाण त्यानंतर खरोखरच झपाट्याने घटले. हे यश लहान नाही, आणि 'कायद्याने काय होणार' असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर आहे.

पुढचा भाग मात्र सावध करणारा आहे. डिसेंबर २००८ पासून तेथील सरकारने प्रत्येक घराला एक ते पाच तारे देण्यास आरंभ केला. हॉटेलांप्रमाणे लोकांनी तारे पाहून घर निवडावे, असा हेतू. पण तीन घटकांपैकी तपासणीचा अहवाल तेवढा सरकारी माणसाच्या हातचा होता. कर्मचारी किती आणि रुग्णांचे कसे चालले आहे, हे घरांनी स्वतःच कळवायचे होते. उत्तरपत्रिका विद्यार्थ्यानेच तपासून गुण कळवावेत, त्यातला हा प्रकार. अपेक्षेप्रमाणे स्वतः कळविलेले गुण वाढत गेले. २०१६ पासून कर्मचाऱ्यांची संख्या पगारपत्रकावरून घेण्यास सुरुवात झाली, तेव्हा अनेक घरांचे मनुष्यबळ आधी सांगितले होते त्याहून कमी निघाले आणि शनिवार-रविवारी ते आणखी घसरते असे उघडकीस आले. औषधांची कथा तर याहून उद्बोधक आहे. किती जणांना मनोविकारावरील गुंगीची औषधे दिली जातात, हा आकडा ताऱ्यांसाठी धरला जाई. परंतु स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्यातून वगळलेले होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२१ साली दाखवून दिले की, सर्वसाधारण लोकसंख्येत दीडशेत एखाद्याला जडणारा हा विकार नर्सिंग होममधील दर नऊ माणसांत एकाच्या नावावर लिहिलेला आहे. ऐंशीव्या वर्षी एकाएकी स्किझोफ्रेनिया होत नसतो. माणसांचे औषध कमी करण्याऐवजी त्यांचे निदान बदलले गेले होते. २०२३ साली तेथील सरकारला या निदानांचीच तपासणी जाहीर करावी लागली.

मनुष्यबळाचा किमान नियम करण्याचा प्रयत्नही तेथे झाला. २०२४ साली प्रत्येक रहिवाशामागे दिवसाकाठी ३.४८ तासांची शुश्रूषा मिळालीच पाहिजे असा नियम निघाला, आणि २०२५ साली टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द ठरविला. माणसे मिळत नाहीत, घरे बंद पडतील, असे व्यावसायिकांचे म्हणणे होते. श्रीमंत देशातील ही स्थिती पाहून येथे कोणी सुस्कारा सोडण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे निदान भांडायला एक आकडा आहे.

आपल्याकडे काय आहे? आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक निवास उभारावा आणि निवासांच्या व्यवस्थापनाची व दर्जाची योजना ठरवावी, असे म्हटले आहे. परंतु कायद्याची भाषा 'ठरवू शकेल' अशी आहे, 'ठरवील' अशी नाही. म्हणजे टाकणाऱ्या मुलासाठी शिक्षा, आणि ज्याच्या हवाली केले त्याच्यासाठी ऐच्छिक विषय! ही त्रुटी दूर करण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले. खासगी घरांसह सर्वांची नोंदणी आणि किमान निकष, असे त्याचे स्वरूप होते. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित झाल्याबरोबर विधेयकही निकालात निघाले. त्यावर कोणत्याही पक्षाने अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मार्ग याहून जवळचा आहे. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा येथे आहे. त्यातील व्याख्येत आजारी आणि जखमी माणसांबरोबरच दुर्बलतेने ग्रासलेल्यांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा करणाऱ्या जागेचाही समावेश आहे. इंग्रजांच्या काळातील 'इन्फर्म' हा शब्द पुण्याला नवा नाही; डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या आणि आज 'निवारा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या मूळ नावातच तो होता. तेव्हा ज्या बंगल्यात लघवीची नळी बसविली जाते, नाकातून अन्न दिले जाते, जखमांना मलमपट्टी होते आणि आठवड्यातून दोनदा डॉक्टर येऊन औषधे लिहून देतो, ती जागा या कायद्याखाली येत नाही असे म्हणणे कठीण आहे. 'आम्ही उपचार करीत नाही, फक्त सांभाळतो' ही पळवाट आहे आणि ती आजवर चालू दिली गेली आहे. अशी घरे कोठे न्यास म्हणून, कोठे सोसायटी म्हणून, कोठे नुसत्या दुकानाच्या परवान्यावर चालतात. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय न्यासाचे हिशेब तपासते. माणसांच्या पाठी तपासणे त्याचे काम नाही. २०२१ साली शुश्रूषागृहांचे नियम सुधारताना रुग्णहक्कांची सनद त्यांत घालण्यात आली. तीच सनद या बंगल्यांच्या दारावर लावण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. महापालिकांच्या आणि जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना एक स्पष्ट आदेश पुरेल.

यावर संस्थाचालकांचा आक्षेप येईल, आणि तो सरसकट उडवून लावण्याजोगा नाही. महाराष्ट्रात अनेक छोटी घरे देणग्यांवर, ध्येयवादी दांपत्यांच्या कष्टांवर चालली आहेत. त्यांच्यामागे निरीक्षकांचा ससेमिरा लावला, खोलीच्या लांबी-रुंदीपासून स्नानगृहाच्या फरशीपर्यंत पन्नास कलमी नमुने भरायला लावले, तर जी चांगली आहेत तीच आधी बंद पडतील. वाईटांना परवाना मिळविण्याची कला अवगत असतेच. याला उत्तर असे की, थोडेच मागावे, पण जे नेमके आहे तेच मागावे. चौरस फुटांची चौकशी सोडून द्यावी. रात्री दहा ते सकाळी सहा किती माणसे कामावर होती, हे वेतनपत्रकावरून. आल्यानंतर किती जणांना अंथरुणाच्या जखमा झाल्या, हे बाहेरच्या परिचारिकेने प्रत्यक्ष पाहून. किती जणांना बांधले, किती जणांना नळी घातली आणि कोणाच्या लेखी सांगण्यावरून. किती जण पडले, किती वारले, किती परत पाठविले. यासाठी तारे नकोत आणि श्रेण्याही नकोत. कच्चे आकडेच लोकांपुढे ठेवावेत. खानावळीच्या भिंतीवर अन्नपरवाना लावावा लागतो, औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचे नाव टांगावे लागते. तसा हा कागद दर्शनी भागात लागावा.

या सगळ्यात जिचे नाव कोणी घेत नाही ती मावशी. ती ब्यूरोमार्फत येते, बारा-बारा तासांची पाळी करते, आपल्या पगारातला वाटा ब्यूरोला देते, आणि दुसरीकडे हजार रुपये अधिक मिळाले की जाते. तिने जावे यात तिचा दोष नाही. पण स्मृती गेलेल्या म्हाताऱ्याला रोज नवा चेहरा दिसला की तो घाबरतो, ओरडतो, हात उगारतो, आणि मग त्याला गोळी दिली जाते. कर्मचारी किती महिने टिकतात, हा म्हणूनच दर्जाचा फार विश्वसनीय पुरावा आहे, आणि तो नातेवाइकांनाही सहज विचारता येतो. उचलण्याचे, वळविण्याचे, भरविण्याचे शास्त्र असते. ते शिकविणारे अल्पमुदतीचे वर्ग देशात आहेत, पण शिकलेल्या बाईला न शिकलेल्या बाईहून अधिक वेतन मिळेल अशी व्यवस्था नसल्याने शिकून करायचे काय, हा तिचा प्रश्न बिनतोड आहे. एकटीने माणसे उचलून उचलून पन्नाशीच्या आत तिची स्वतःची कंबर जाते. दर कमी ठेवा असा आग्रह धरणाऱ्या कुटुंबांनी हा दर कोणाच्या कमरेवर कमी राहतो याचाही कधी विचार करावा.

शासनाला घाई नाही हे उघड आहे. ज्यांची पाठ सोलली आहे ते मतदानकेंद्रापर्यंत जाऊ शकत नाहीत आणि त्यांची मुले संकोचाने गप्प आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ मात्र गावोगाव आहेत, त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, लेखापाल आहेत, परिचारिका आहेत. वही तपासण्याची आणि शाई ओळखण्याची त्यांची सवय अजून गेलेली नाही. आपल्या भागातील अशा घरांची यादी करून, दोघा-तिघांनी मिळून महिन्यातून एकदा आडवारी रात्री साडेआठला तेथे जावे, रात्रपाळीची माणसे मोजावीत आणि तो आकडा संघाच्या फलकावर लिहावा, याला कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही. दार उघडले नाही, तर तेवढेच लिहावे.